शर्करांची संरचना व कार्बोहायड्रेटांच्या परीक्षा

जलीय विच्छेदनाने (पाण्याच्या विक्रियेने रेणूचे घटक अलग होण्याने) ज्या शर्करांचे आणखी साध्या शर्करांत रूपांतर होत नाही, त्यांना साध्या शर्करा किंवा मोनोसॅकॅराइडे म्हणतात. ग्लुकोज, फ्रुक्टोज व गॅलॅक्टोज ही त्यांची परिचित उदाहरणे होत. उसाची साखर (सुक्रोज) आणि दुधातील साखर (लॅक्टोज) यांच्या रेणूंत अशा दोन शर्करा जोडलेल्या असतात, तर स्टार्च व सेल्युलोज यांच्या रेणूंत ग्लुकोजाचे शेकडो किंवा हजारो घटक एकमेकांस जोडलेले असतात. या सर्वांच्या समूहास कार्बोहायड्रेटे म्हणतात. यांतील बहुतेकांत हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यातल्यासारखे असते. त्यामुळे ती कार्बनाची हायड्रेटे असावीत अशी समजूत होती व तीवरून १८४४ मध्ये कार्ल श्मिट यांनी हे नाव सुचविले. रेणूत पाणी पाणी म्हणून नसते हे पुढे स्पष्ट झाले, तरी नाव टिकून राहिले.

शर्करा ओळखण्याच्या परीक्षा व शर्करांच्या संरचनेचे ज्ञान यांचा इतिहास परस्परांत गुंतलेला आहे. बहुतेक जुन्या परीक्षा प्रथम अनुभवाने सापडल्या. त्यांचा पाठपुरावा करताना संरचनेचा उलगडा होत गेला आणि संरचना कळल्यावर या परीक्षा नेमके काय दाखवितात व काय दाखवीत नाहीत, हे समजले. परीक्षेत दिसणारा रंग हा शर्करेचा नसून रेणूतील एखाद्या गटाच्या विक्रियेचा असतो. हा भेद लक्षात न घेतल्यास रोगनिदान चुकू शकते. म्हणून या विषयाला रसायनशास्त्राइतकेच वैद्यकातही महत्त्व आहे.

प्रारंभीचा इतिहास : गोडी हीच शर्करेची सर्वांत जुनी परीक्षा होय. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात असा उल्लेख असून ‘मधुमेह’ हे नावही मूत्राच्या मधासारख्या गोडीवरून पडले आहे. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये अशा मूत्राच्या गोडीचे वर्णन केले. तथापि ही गोडी कशामुळे येते हे १७७६ पर्यंत अनिश्चित होते. त्या वर्षी लिव्हरपूल येथील वैद्य मॅथ्यू डॉब्सन यांनी मधुमेही रुग्णाचे मूत्र आटवून मागे राहणारा पांढरा, कणीदार पदार्थ चव व वास यांबाबत साखरेसारखा असल्याचे दाखविले. रक्ताचा द्रवही गोडसर असतो असे त्यांना आढळल्याने हा रोग केवळ मूत्रपिंडाचा नसावा, असा विचार पुढे आला [⟶ मधुमेह].

वेगवेगळ्या पदार्थांतील शर्करा एकच की भिन्न, हा प्रश्नही याच काळात उभा राहिला. बर्लिनमध्ये आंड्रेआस मार्कग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटाच्या कंदातून मिळविलेले स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते उसाच्या साखरेचेच असल्याचे ओळखले. १८११ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे किर्खहॉफ यांनी स्टार्च विरल सल्फ्यूरिक अम्लाबरोबर उकळून त्यापासून साखर तयार केली. १८१५ मध्ये मीशेल शेव्हरल यांनी मधुमेही मूत्रातील शर्करा व द्राक्षातील शर्करा एकच असल्याचे दाखविले. या द्राक्षशर्करेस १८३८ मध्ये ‘ग्लुकोज’ हे नाव देण्यात आले. द्राक्षे, स्टार्च व रुग्णाचे मूत्र या तीन अगदी निराळ्या ठिकाणी एकच पदार्थ सापडल्यामुळे त्याची खात्रीची परीक्षा शोधणे आवश्यक झाले.

तांब्याच्या परीक्षा : १८४१ मध्ये कार्ल ट्रोमर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मोरचुदाचा विद्राव व दाहक क्षार यांच्याबरोबर द्राक्षशर्करा तापविली असता तांबडा साका (न विरघळणारा पदार्थ) मिळतो, परंतु उसाच्या साखरेपासून तसा मिळत नाही, असे दाखविले. निळ्या विद्रावातील द्विसंयुजी तांब्याचे शर्करेमुळे क्षपण होऊन (तांब्याची संयुजा कमी होऊन) क्युप्रस ऑक्साइड तयार होते, असा त्याचा अर्थ आज सांगता येतो. या परीक्षेत क्षारामुळे तांब्याचे हायड्रॉक्साइड साक्याच्या रूपात वेगळे होई व तापविल्यास काळे पडे. श्टुटगार्ट येथील हेर्मान फेलिंग यांनी १८४९ मध्ये टार्टारिक अम्लाचे लवण मिसळून तांबे विद्रावात टिकवून ठेवले. त्यामुळे ज्ञात संहतीचा विद्राव वापरून शर्करेचे प्रमाणही मोजता येऊ लागले. फेलिंग विद्राव साठविल्यास बिघडतो. म्हणून त्याचे दोन भाग स्वतंत्र ठेवून वापरण्याच्या वेळीच मिसळावे लागतात. अमेरिकेतील स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९०८-०९ मध्ये दाहक क्षाराऐवजी सोडियम कार्बोनेट व टार्टारिक अम्लाच्या लवणाऐवजी सायट्रिक अम्लाचे लवण वापरून एकाच बाटलीत टिकणारा विद्राव तयार केला. सु. ५ मिलि. बेनेडिक्ट विद्रावात मूत्राचे ८ थेंब टाकून मिश्रण उकळले की शर्करेच्या प्रमाणानुसार निळा रंग बदलून हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी तांबडा होतो. ही परीक्षा सोपी व स्वस्त असल्याने अनेक दशके जगभरच्या रुग्णालयांत रूढ होती.

प्रकाशीय वलन : तांब्याच्या परीक्षेला प्रतिसाद न देणाऱ्या उसाच्या साखरेसाठी निराळाच मार्ग उपलब्ध झाला. फ्रेंच भौतिकीविज्ञ झां बातीस्त ब्यो (१७७४–१८६२) यांना १८१५ मध्ये असे आढळले की, साखरेच्या विद्रावातून जाताना ध्रुवित प्रकाशाचे (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे) प्रतल वळते. हे वलन विद्रावातील साखरेच्या प्रमाणात असते. म्हणून ते मोजून साखरेचे प्रमाण काढता येते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांतही उसाच्या रसाचा ‘पोल’ याच तत्त्वावर ठरवितात.

सुक्रोज उजवीकडे वलन घडविते. परंतु विरल अम्लाबरोबर तापविल्यावर तोच विद्राव डावीकडे वलन घडवू लागतो. या दिशाबदलावरून अशा मिश्रणास इन्व्हर्ट शर्करा म्हणतात. सुक्रोजाच्या विच्छेदनाने ग्लुकोज व फ्रुक्टोज समप्रमाणात तयार होतात आणि फ्रुक्टोजाचे डावे वलन ग्लुकोजाच्या उजव्या वलनापेक्षा जास्त असते, हे त्याचे कारण होय. इन्व्हर्ट शर्करेतील फ्रुक्टोज १८४७ मध्ये ड्यूब्रंफो यांनी ओळखले. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिल्यास एंझाइमे व सूक्ष्मजंतू यांमुळे हाच बदल घडतो. इन्व्हर्ट शर्करेपासून साखरेचे स्फटिक मिळत नसल्याने साखरेचा उतारा घटतो.

ड्यूब्रंफो यांनीच १८४६ मध्ये आणखी एक निरीक्षण केले होते. ग्लुकोजाच्या ताज्या विद्रावाचे वलन प्रारंभी जास्त असते, ते हळूहळू कमी होत जाऊन एका मूल्यावर स्थिर होते. या आविष्कारास पुढे परिवर्ती वलन असे नाव मिळाले. त्याचा उलगडा होण्यास सु. पन्नास वर्षे लागली.

साखळी संरचना : ग्लुकोजाच्या रेणूत कार्बनाचे ६, हायड्रोजनाचे १२ व ऑक्सिजनाचे ६ अणू असतात. त्यापासून ५ ॲसिटिल गट असलेले संयुग मिळते, म्हणजे त्यात ५ हायड्रॉक्सिल गट असले पाहिजेत. तांब्याच्या व (१८८२ मध्ये बेर्नहार्ट टोलेन्स यांनी प्रचारात आणलेल्या) चांदीच्या क्षारीय विद्रावाचे ते क्षपण करते. त्यामुळे उरलेला ऑक्सिजन ॲल्डिहाइड गटात असावा, असे अनुमान निघाले. १८८६ च्या सुमारास हाइन्रिख किलियानी यांनी ग्लुकोजाला हायड्रोसायानिक अम्लाच्या साहाय्याने एक कार्बन अणू जोडला व मिळालेल्या संयुगाचे पुढे क्षपण केले. त्यापासून सात कार्बन अणूंची सरळ साखळी असलेले अम्ल मिळाले. फ्रुक्टोजापासून मात्र शाखा असलेले अम्ल मिळाले. यावरून ग्लुकोजात कार्बोनिल गट साखळीच्या टोकाशी व फ्रुक्टोजात दुसऱ्या कार्बन अणूवर असल्याचे सिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या शर्करांना ॲल्डोजे व दुसऱ्या प्रकारच्यांना कीटोजे म्हणतात.

एवढ्याने प्रश्न सुटला नाही. ग्लुकोज, मॅनोज व गॅलॅक्टोज या तिन्ही शर्करांचे साखळीसूत्र एकच येते. मग त्या भिन्न का? याचे उत्तर व्हान्ट हॉफ व ल बेल यांनी १८७४ मध्ये मांडलेल्या त्रिमितीय कल्पनेत होते. ज्या कार्बन अणूला चार निरनिराळे गट जोडलेले असतात त्याभोवती त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. सहा कार्बनांच्या ॲल्डोजात असे चार असममित कार्बन अणू असल्याने एकूण १६ मांडण्या संभवतात. यांपैकी ग्लुकोज कोणती, हे ठरविण्याचे काम एमील फिशर (१८५२–१९१९) यांनी केले.

फिशर यांच्या हाती मुख्य साधन होते ते त्यांनीच १८७५ मध्ये शोधलेले फिनिल हायड्राझीन हे संयुग. शर्करा बहुधा पाकासारख्या चिकट स्वरूपात मिळतात व शुद्ध करणे कठीण असते. फिनिल हायड्राझिनाबरोबर मात्र त्यांपासून ओसाझोन नावाची पिवळी, सहज स्फटिकरूप होणारी संयुगे तयार होतात, असे त्यांनी १८८४ मध्ये दाखविले. स्फटिकांचा आकार व वितळबिंदू यांवरून शर्करा ओळखण्याची ही एक परीक्षाच झाली. ग्लुकोज, मॅनोज व फ्रुक्टोज यांपासून एकच ओसाझोन मिळते. या विक्रियेत पहिले दोनच कार्बन अणू बदलत असल्याने उरलेल्या चार कार्बन अणूंवरील मांडणी तिन्ही शर्करांत सारखी असली पाहिजे आणि ग्लुकोज व मॅनोज यांत फक्त दुसऱ्या कार्बन अणूपुरता फरक असला पाहिजे, हे उघड झाले. या दोहोंतील ग्लुकोज कोणते, हे ठरविण्यासाठी त्यांनी गुलोज ही नवी शर्करा बनविली. ग्लुकोज व गुलोज यांच्या दोन्ही टोकांचे ऑक्सिडीकरण केल्यावर एकच द्विअम्ल मिळाले. ज्या मांडणीची टोके अदलाबदल केल्यास दुसरीच शर्करा मिळते तिच्याच बाबतीत हे शक्य आहे. मॅनोजाच्या मांडणीत टोके बदलली तरी मॅनोजच राहते. अशा युक्तिवादाने १८९१ मध्ये ग्लुकोजाची मांडणी निश्चित झाली. या व इतर कार्याबद्दल फिशर यांना १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या संशोधनाची त्यांना किंमतही मोजावी लागली. फिनिल हायड्राझीन विषारी असून त्याच्या दीर्घ संपर्काने त्यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला.

परस्परांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन मांडण्यांपैकी निसर्गातील ग्लुकोज कोणते, हे रासायनिक विक्रियांनी ठरविता येत नव्हते. फिशर यांनी पाचव्या कार्बन अणूवरील हायड्रॉक्सिल गट उजवीकडे दाखविण्याचा संकेत स्वीकारला. १९५१ मध्ये बायफूट व त्यांचे सहकारी यांनी सोडियम रुबिडियम टार्टारेटाच्या स्फटिकांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. टार्टारिक अम्ल व शर्करा यांचा रासायनिक संबंध माहीत असल्याने त्यावरून फिशर यांचा संकेत वस्तुस्थितीशी जुळत असल्याचे स्पष्ट झाले.

वलयी संरचना : ॲल्डिहाइडे ओळखण्यासाठी वापरली जाणारी शिफ परीक्षा ग्लुकोज नेहमीच्या परिस्थितीत देत नाही. फिशर यांना १८९३ मध्ये मिथिल अल्कोहॉल व ग्लुकोज यांपासून मिथिल ग्लुकोसाइड हे संयुग मिळाले आणि त्याचे आल्फा व बीटा असे दोन प्रकार असल्याचे दिसून आले. हे साखळीसूत्राशी जुळत नव्हते. टोलेन्स यांनी १८८३ मध्येच असे सुचविले होते की, ॲल्डिहाइड गट त्याच रेणूतील एका हायड्रॉक्सिल गटाशी जोडला जाऊन वलय तयार होते. तसे झाल्यास पहिला कार्बन अणूही असममित होतो व ग्लुकोजाचे दोन प्रकार संभवतात. १८९५ मध्ये शार्ल तांरे यांनी ते स्फटिकरूपात वेगळे केले. आल्फा ग्लुकोजाचे विशिष्ट वलन सु. +११२° व बीटा ग्लुकोजाचे सु. +१९° असते. यांपैकी कोणताही प्रकार पाण्यात विरघळविला तरी अखेर +५२·७° हेच मूल्य येते. ड्यूब्रंफो यांच्या निरीक्षणाचा उलगडा अशा रीतीने झाला.

वलय किती अणूंचे, हे ठरविण्यासाठी रेणूतील मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांवर मिथिल गट चढवून ते ‘खुणेचे’ करावयाचे व नंतर रेणू तोडून कोणता ऑक्सिजन खुणेविना राहिला ते पाहावयाचे, ही पद्धत वापरण्यात आली. तिचा पाया स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूझ येथे पर्डी व अर्व्हिन यांनी घातला. वॉल्टर नॉर्मन हॅवर्थ (१८८३–१९५०) व त्यांचे सहकारी यांनी १९२६ च्या सुमारास ग्लुकोजाचे नेहमीचे वलय पाच कार्बन व एक ऑक्सिजन अशा सहा अणूंचे असल्याचे दाखविले. हॅवर्थ यांना १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पॉल कारर यांच्याबरोबर विभागून मिळाले. हे वलय सपाट नसून आरामखुर्चीसारखे वाकलेले असते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले.

वलयी संरचनेमुळे जुन्या परीक्षांचा अर्थ कळला. विद्रावात ग्लुकोजाचे जवळजवळ सर्व रेणू वलयरूपात असतात. खुल्या साखळीचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी असते. शिफ परीक्षेला ते पुरत नाही. फेलिंग परीक्षेत मात्र खुले रेणू वापरले जातील तसतशी वलये उघडत जातात व विक्रिया पूर्ण होते. फ्रुक्टोजात ॲल्डिहाइड गट नसूनही ते ही परीक्षा देते, कारण क्षारीय विद्रावात त्याचे सहज ऑक्सिडीकरण होते व काही अंशी त्याचे ग्लुकोज व मॅनोज यांत रूपांतरही होते. सुक्रोजात ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे वलय उघडू शकणारे कार्बन अणूच एकमेकांस जोडलेले असल्याने वलये उघडत नाहीत. १८४१ मध्ये ट्रोमर यांना दिसलेल्या फरकाचे हे कारण होय.

रंगदर्शक परीक्षा : संहत अम्लामुळे शर्करेतील पाणी निघून जाऊन फरफ्यूराल किंवा त्यासारखी संयुगे तयार होतात व ती काही कार्बनी संयुगांबरोबर रंग देतात. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांच्या १८८६ मधील परीक्षेत आल्फा नॅप्थॉल मिसळलेल्या विद्रावाखाली संहत सल्फ्यूरिक अम्लाचा थर सोडतात. दोन थरांच्या सीमेवर जांभळे वलय दिसते. सर्वसाधारणपणे कोणतेही कार्बोहायड्रेट ही परीक्षा देते. सेलिव्हानॉव्ह परीक्षेत (१८८७) रिसॉर्सिनॉल व हायड्रोक्लोरिक अम्ल यांमुळे कीटोजे ॲल्डोजांपेक्षा लवकर तांबडा रंग देतात. ऑर्सिनॉल वापरणाऱ्या बियल परीक्षेत पाच कार्बनांच्या शर्करा हिरवा रंग देतात. बारफोड परीक्षेत (१८७३) तांब्याचा विद्राव किंचित अम्लीय असल्याने साध्या शर्करा लवकर व लॅक्टोजासारख्या क्षपणकारक द्विशर्करा उशिरा प्रतिसाद देतात.

स्टार्चची आयोडीन परीक्षा या सर्वांहून जुनी (१८१४) व निराळी आहे. स्टार्चमधील अमायलोजाची लांब साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते. तिच्या पोकळीत आयोडीन ओळीने बसल्यामुळे गडद निळा रंग येतो. तापविल्यास तो नाहीसा होतो व थंड केल्यावर परत येतो.

परीक्षांच्या मर्यादा : बेनेडिक्ट परीक्षा ग्लुकोजाची नसून क्षपणकारक पदार्थांची आहे. स्तनपान देणाऱ्या मातेच्या मूत्रातील लॅक्टोज, तसेच क जीवनसत्त्व यांमुळेही तांब्याचे क्षपण होते. पेंटोजमेह या निरुपद्रवी आनुवंशिक अवस्थेत मूत्रात पाच कार्बनांची शर्करा उतरते. अशा काही व्यक्तींना मधुमेही समजून अनावश्यक उपचार करण्यात आले. १९२२ पासून इन्शुलिन वापरात आल्यानंतर अशी चूक अधिक धोक्याची ठरली, कारण रक्तातील ग्लुकोज वाढलेले नसताना इन्शुलिन दिल्यास ते घातक पातळीपर्यंत उतरू शकते. यीस्टने ग्लुकोज आंबते, परंतु पेंटोज व साध्या यीस्टने लॅक्टोज आंबत नाही. या फरकाचा उपयोग करून शंकानिरसन करीत.

एंझाइम परीक्षा : मिथिल ग्लुकोसाइडाच्या आल्फा व बीटा प्रकारांचे विच्छेदन निरनिराळी एंझाइमे करतात, असे फिशर यांना आढळले होते. त्यावरून त्यांनी १८९४ मध्ये एंझाइम व त्याचे लक्ष्य यांना कुलूप व किल्ली यांची उपमा दिली. या नेमकेपणाचा लाभ परीक्षेसाठी पुढे घेण्यात आला. १९२८ मध्ये डेन्मार्कमधील डेटलेव्ह म्यूलर यांनी बुरशीतून ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम शोधले. ते प्रामुख्याने बीटा ग्लुकोजावर क्रिया करते व त्या वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्याच्या साहाय्याने रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या १९५६ मध्ये प्रचारात आल्या. १९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी एंझाइम विद्युत् अग्राची कल्पना मांडली. तिच्यातून बोटावरील रक्ताच्या थेंबाने ग्लुकोज मोजणारी उपकरणे पुढे विकसित झाली.

तथापि जुनी परीक्षा पूर्णपणे निरुपयोगी झालेली नाही. गॅलॅक्टोजाचा चयापचय बिघडलेल्या नवजात बालकाच्या मूत्रात गॅलॅक्टोज उतरते. एंझाइमाच्या पट्टीवर ते दिसत नाही, परंतु तांब्याच्या परीक्षेत दिसते. पहिली नकारात्मक व दुसरी सकारात्मक आल्यास गंभीर रोगाची शंका वेळीच येऊ शकते. याउलट एंझाइमेही सर्वच सारखी नेमकी नसतात. काही उपकरणांत वापरलेले पायरोलोक्विनोलीन क्विनोनयुक्त ग्लुकोज डीहायड्रोजनेज हे एंझाइम माल्टोजालाही ग्लुकोजासारखाच प्रतिसाद देते. पोटातील पडद्यामार्फत डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिनयुक्त द्रव वापरल्यास रुग्णाच्या रक्तात माल्टोज वाढते. अशा वेळी उपकरण ग्लुकोजाचे प्रमाण प्रत्यक्षाहून जास्त दाखविते व त्यावर विसंबून इन्शुलिन दिले जाते. माल्टोज व इतर शर्करांमुळे झालेल्या अशा घोटाळ्यांशी संबंधित १३ मृत्यूंची नोंद १९९७ ते २००९ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे झाली आणि २००९ मध्ये त्या प्रशासनाने याविषयी जाहीर इशारा दिला. म्हणून अशा रुग्णांच्या बाबतीत केवळ आकडा पाहून भागत नाही; उपकरणाच्या पट्टीत कोणते एंझाइम आहे व ते रेणूच्या कोणत्या भागाला प्रतिसाद देते, हे पाहणे आवश्यक असते.